हमी नावाचा माणूस

मृग लागायला चार-पाच दिवस बाकी होते. गोंडपिपरीकडच्या माझ्या मामांबरोबर मी तालुक्याच्या गावी गेलो होतो. बियाण्याच्या दुकानांसमोर रांगा होत्या, पण मामा रांगेत उभे राहिले नाहीत. ते मला दुकानांमागच्या गल्लीत घेऊन गेले. तिथे एक ओळखीचा माणूस मोटारसायकलच्या डिक्कीतून पाकिटं काढत होता. पाकिटावर इंग्रजी नाव, टपोऱ्या बोंडाचं चित्र, कंपनीचा पत्ता कुठेच नाही.

मामांनी विचारलं, "गॅरंटी आहे का जी?"

"शंभर टक्के! तन मारायचं औषध मारा, पऱ्हाटीले काही होत नाही. अन् अळीचं तर नावच घेऊ नका."

"बिल?"

"बिल नाही भेटत याचं."

शंभर टक्के गॅरंटी आणि शून्य टक्के बिल. मामांनी चार पाकिटं घेतली. पुढे व्हायचं ते झालं. तासात कुठे रोप, कुठे मोकळी माती. जी पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, उभी राहिली तिच्यात निम्म्या झाडांनी तणनाशकाच्या फवाऱ्यानंतर मान टाकली. सप्टेंबरात उरलेल्या झाडांवर डोमकळ्या दिसू लागल्या: पाकळ्या उमलायच्या ऐवजी गुलाबासारख्या मिटलेल्या, आत गुलाबी अळी. तक्रार करायला गेलो तेव्हा समोरच्या साहेबांनी पहिला प्रश्न विचारला तो बिलाचा. त्यांची चूक नव्हती. विचारण्यासारखं आमच्याकडे दुसरं काही नव्हतंच.

परतीच्या एसटीत मामा गप्प होते. मी मात्र एका शब्दात अडकलो होतो. त्या गल्लीत मामांना मिळालेली ती 'गॅरंटी' नेमकी काय होती? वस्तू होती की हवा?

आधी त्या बियाण्याचं नाव पाहू. आपल्याकडे त्याला 'चोर बीटी' म्हणतात. तणनाशक सहन करणारं हे कापसाचं वाण. केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी मूल्यमापन समितीने त्याला लागवडीसाठी परवानगी दिलेली नाही. तरी दर उन्हाळ्याच्या अखेरीस ते तेलंगणाच्या बाजूने राजुरा, कोरपना, गोंडपिपरी या पट्ट्यात येतं, आणि कृषी खातं नि पोलीस कुठे ना कुठे साठे पकडतात. लोकांनी दिलेलं नाव किती नेमकं आहे बघा. मराठीत 'चोर' हा शब्द दुसऱ्या शब्दाच्या आधी बसला की त्याचा अर्थ 'लपलेला' असा होतो. चोरवाट, चोरखण, चोरकप्पा, चोरदरवाजा. चोरवाट कुणी चोरलेली नसते, ती दिसत नसते एवढंच. चोर बीटीतही मुद्दा तोच: विकणारा दिसत नाही. लपलेल्या वाणाची गॅरंटी लपलेला माणूस देतो. भाषेने धोक्याची घंटा नावातच बांधली होती. आपण ती रोज वाजवत होतो आणि ऐकत नव्हतो.

आता 'गॅरंटी'. हा शब्द आपल्याकडे इंग्रजीतून आला आणि त्याचा सख्खा भाऊ 'वॉरंटी'ही आला. दोघे मुळात एकच. जुन्या फ्रेंचच्या एका बोलीत शब्दारंभी 'व' राहिला, दुसरीत त्याचा 'ग' झाला. इंग्रजीने दोन्ही घेतले. 'वॉर्ड' आणि 'गार्ड' ही जोडीही तशीच. 'वॉरंट' याच घरातला तिसरा. मूळ कल्पना एकच, कुणीतरी अधिकाराने पाठीशी उभं राहणं. विदर्भातल्या खेड्यात मात्र तिघांची नशिबं वेगळी निघाली. वॉरंट आलं की माणूस घर सोडून पळतो, वॉरंटी कार्ड मिक्सरच्या खोक्यात राहून उंदरांच्या कामी येतं, आणि गॅरंटी तोंडातोंडी फिरते.

'गार्ड'ची गोष्ट तर पऱ्हाटीला थेट चिकटलेली. मार्च २००२ मध्ये भारतात बीटी कापसाला मंजुरी मिळाली ती 'बोलगार्ड' या नावाच्या तंत्राला. इंग्रजीत बोल म्हणजे बोंड आणि गार्ड म्हणजे पहारेकरी. २००६ मध्ये दुसरा पहारेकरी आला, बोलगार्ड दोन. हा गार्ड लबाड नव्हता. हिरव्या अमेरिकन बोंडअळीला त्याने खरंच अडवलं. पण त्याची ड्युटी ठरलेल्या फाटकावर होती. तुडतुडे, मावा, फुलकिडे हे रस शोषणारे किडे त्याच्या यादीत नव्हतेच. गुलाबी अळी यादीत होती, पण तिने हळूहळू त्याला ओळखलं. पहिल्या बोलगार्डला ती गुजरातेत दाद देत नाही हे २०१० मध्ये कंपनीनेच कबूल केलं, आणि २०१७ च्या हंगामात दुसऱ्या बोलगार्डच्या पहाऱ्यातही तिने महाराष्ट्रातला कापूस पोखरला. बोंड फोडलं की पांढऱ्या धाग्याऐवजी पिवळट, डागाळलेली कवडी हाती येई. शेतकऱ्याला नाव ठाऊक होतं, 'गार्ड'. त्या गार्डची ड्युटी कुठवर आणि किती वर्षं, हे नावात मावत नव्हतं.

पहारेकऱ्याचाही पहारा हवा म्हणून पूर्वी पाकिटाबरोबर एक लहान पुडी मिळायची, साध्या, बिगर-बीटी सरकीची. ती शेताच्या कडेने लावायची, म्हणजे अळीला आसरा मिळतो आणि तिच्यात प्रतिकारशक्ती लवकर तयार होत नाही. इंग्रजीत 'रेफ्यूज', म्हणजे आसरा. आमच्याकडे त्याचं झालं 'रेफ्युजी'. चामोर्शी-मुलचेराकडे पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांच्या वसाहती आहेत. तिथे 'रेफ्युजी' म्हणजे कोण हे पोरांनाही ठाऊक. मग बियाण्याच्या पाकिटातली ही निर्वासित पुडी कशाला पेरायची? ती बांधावर फेकली गेली. एका शब्दाचा अर्थ कुणी नीट सांगितला नाही, आणि संरक्षणाचं संरक्षण बांधावरच वाळून गेलं.

हे सगळं परक्या शब्दांचं झालं. पण आपले म्हणून मुरलेले शब्द तरी काय सांगतात?

'खात्री' घ्या. अरबीत 'खातिर' म्हणजे मन, चित्त. त्यातून आपली खातर, खातिरदारी, खात्री. 'खातरजमा' म्हणजे चित्त जमा होणं, विखुरलेलं मन एका जागी येणं. किती सुंदर शब्द! पण नीट पाहिलं तर तो पूर्णपणे ऐकणाऱ्याच्या मनाबद्दल बोलतो, मालाबद्दल चकार शब्द काढत नाही. "खात्री बाळगा" म्हणजे "तुमचं मन शांत ठेवा." बियाणं उगवेल की नाही हा वेगळाच विषय. विकणारा म्हणतो, "मामा, चिंता करू नका," तेव्हा तो खात्रीचं शब्दशः भाषांतर करत असतो.

'विमा' तर भीतीच्या पोटी जन्मलेला. फारसीत 'बीम' म्हणजे भय. 'बीमा' त्यातून आला आणि मराठीत 'ब'चा 'व' झाला. आपला 'अभय' भयाच्या आधी 'अ' लावून भय पुसून टाकतो. विमा तसं काही म्हणत नाही. तो भयाला भाव लावतो, हा त्याचा प्रामाणिकपणा. घोळ होतो तो क्रियापदात. मराठी माणूस विमा काढतो तसा 'उतरवतो'ही. आणि आपण आणखी काय उतरवतो? दृष्ट. अंगात आलेलं भूत. मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या की दृष्ट उतरली, विषय संपला. विमा उतरवला की संकटही उतरलं अशी आपली समजूत होते. महाराष्ट्रात २०२३ च्या खरिपापासून दोन वर्षं एक रुपयात पीक विमा होता. एका रुपयात भय उतरत असेल तर कोण नको म्हणेल? पण त्या योजनेच्या कागदात एक शब्द दडलेला होता, 'उंबरठा उत्पादन'. व्यापक नुकसान मोजताना तुमचं एकट्याचं शेत बघत नाहीत, सगळ्या महसूल मंडळाचं सरासरी उत्पादन बघतात. ते ठरलेल्या उंबरठ्याच्या खाली आलं तरच भरपाई. एका शेतापुरती गारपीट झाली किंवा पाणी साचलं तर तेव्हा ७२ तासांत कळवावं लागायचं. तुमच्या बांधीत गुडघाभर पाणी असेल, पण मंडळाचा उंबरठा कोरडा असू शकतो. हे सरकारी मराठीतलं नाव ज्याने शोधलं त्याला दाद द्यावी लागेल. उंबरठ्याबाहेर उभं राहणं म्हणजे काय, हे कुणाही मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

पण फसवणुकीची सगळ्यात मोठी कबुली मराठीने दिली आहे ती 'गंडा' या शब्दात. चैत्रात चंद्रपूरच्या महाकालीची यात्रा भरते, नांदेडकडून हजारो माणसं येतात. अशा कुठल्याही यात्रेत काळे-लाल दोरे विकणारे बसलेले असतात. गाठी मारलेला मंतरलेला दोरा तो गंडा. तो बांधला की बाधा होत नाही, असा समज. आणि गंडा 'घातला' की? माणूस लुबाडला गेला. बांधला तर रक्षण, घातला तर फसवणूक! व्युत्पत्तीचा दावा म्हणून मी हे सांगत नाही; दोन शब्द एका दारात शेजारी बसलेले दिसले, त्या शेजाराची ही गोष्ट. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तर हा शेजार कागदावर आणला. साप, विंचू किंवा कुत्रा चावल्यावर माणसाला औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा त्यात गुन्हा आहे. रोवणीच्या दिवसांत चिखलात पाय घालणाऱ्या आमच्या धानपट्ट्यात त्या कलमाचा अर्थ कुणाला विचारावा लागत नाही. तिथे गंडा बांधणं हेच गंडा घालणं असतं.

मग मराठीत भरवशाचा शब्दच नाही का? आहे. आहेत. पण ते भरवशाचे का आहेत हे बघायला थोडं मागे जावं लागतं.

अरबीत 'हामी' म्हणजे रक्षण करणारा, पाठीशी राहणारा. 'हिमायत' त्याच धातूचा. आपली 'हमी' या घरची. 'जामिन' म्हणजेही दुसऱ्यासाठी जबाबदारी पत्करणारा. दोन्ही शब्द मुळात माणसांचे आहेत. हमी ही वस्तू नव्हती, तो कुणीतरी होता. जुन्या मराठीत जामीन हा माणूस आणि त्याचं काम ती 'जामीनकी'. आज "त्याला जामीन मिळाला" असं आपण म्हणतो तेव्हा कुणी माणूस मिळालेला नसतो, कोर्टाचा आदेश मिळालेला असतो. माणूस शब्दातून इतका निघून गेला की त्याला परत आणायला 'दार' जोडावं लागलं: जामीनदार.

माणूस गेला तरी त्याची खूण क्रियापदात राहिली आहे. जामीन 'राहतात'. हमी 'घेतात'. खात्री 'देतात'. गॅरंटी 'देतात'. देणारा देऊन मोकळा होतो. घेणाऱ्याच्या खांद्यावर ओझं येतं. राहणाऱ्याला तर शेवटपर्यंत जागचं हलता येत नाही. जुना माणूस विचारायचा, "याची हमी कोण घेतो?" त्या प्रश्नात 'कोण' होता. आज आपण विचारतो, "गॅरंटी आहे का?" या प्रश्नात 'कोण' उरलाच नाही. त्या गल्लीत मामांनी चुकीच्या माणसाला विचारलं हे तर खरंच, पण प्रश्नही चुकीचा विचारला.

'राखण' हा आमचा अस्सल शब्दही असाच. रानडुकरं येतात म्हणून शेतात मचाण बांधून रात्रभर राखण करतात. शेजारची मंडळी 'जागल' म्हणतात. राखणीला जागा माणूस लागतो. आता बांधावर तार ओढून 'झटका मशीन' लावतात. चांगली चीज आहे, बॅटरी भरलेली असेल तोवर. राखणे आलं 'रक्ष्'पासून. संस्कृतात 'रक्षा' म्हणजे रक्षण, मनगटावर बांधायचा दोरा आणि राखसुद्धा. राखी आणि राख एकाच शब्दाच्या दोन लेकी. कुणी जागं नसलं की कोणती लेक घरी येते, हे शेतकऱ्याला सकाळी कळतं.

पण सावध असा: 'हमी' हा शब्द आहे म्हणून माणूस आहेच असं नाही. आधारभूत किंमत म्हणजे सरकार ज्या दराने माल घेईल तो दर. इंग्रजी नावात आहे तो निव्वळ आधार. मराठी माणसाने त्याला 'हमीभाव' केलं आणि आधाराची हमी झाली. २०२५-२६ च्या खरिपात साधारण धानाची आधारभूत किंमत २३६९ रुपये क्विंटल होती. गडचिरोलीत आदिवासी विकास महामंडळाची खरेदी केंद्रं आहेत; केंद्रावर नंबर लागला, ओलावा मापात बसला, तर तो भाव. बाजारातल्या व्यापाऱ्यावर त्या दराने घेण्याचं बंधन कुठे आहे? इथे भाषांतराने जेवढं दिलं तेवढं कायद्याने दिलेलं नाही. पतसंस्थेतल्या ठेवीचंही असंच. बँकेतल्या ठेवींना पाच लाखांपर्यंत ठेव विम्याचं कवच आहे, फेब्रुवारी २०२० पासून. सहकारी पतसंस्थेला ते नाही. पण पाटीवर 'पत' आहे, आत तसाच काउंटर, तसंच पासबुक, आणि खिडकीतला ओळखीचा पोरगा म्हणतो, "काका, खात्री बाळगा."

बियाण्याच्या बाजारात दोन कागद असतात. एक 'प्रमाणित', त्याला निळा टॅग. बीज प्रमाणीकरण यंत्रणा, जिचं मुख्यालय अकोल्याला आहे, ती शेत बघून, नमुना तपासून तो देते. दुसरा 'सत्यप्रत'. 'सत्यप्रत' म्हटलं की आपल्याला दाखल्यांची झेरॉक्स आठवते, जिच्यावर कुणी अधिकारी 'मूळ प्रत पाहिली' म्हणून सही करतो. बियाण्यातला सत्यप्रत मात्र उत्पादक स्वतःच लिहितो: माझ्या मालाची उगवण एवढी, शुद्धता एवढी. बीटी कापूस बहुतेक या कागदावर विकला जातो. त्यात बेकायदा काही नाही. लेबलवर खोटं लिहिलं तर तो उत्पादक १९६६ च्या बियाणे कायद्यात अडकतो. पण सत्याची प्रत कुणी काढली, एवढं तरी घेणाऱ्याला ठाऊक असावं.

आणि घेणारा म्हणजे 'ग्राहक'. 'ग्रह्' म्हणजे पकडणं. ज्योतिषातले ग्रह माणसाला पकडतात म्हणून ग्रह. गजेंद्राचा पाय धरणारी मगर ती 'ग्राह'. ताडोबाच्या तलावात तिचे वंशज अजून ऊन खात पडलेले दिसतात. ग्राहक याच कुळातला, पकडणारा. त्याचा बोलीतला अवतार 'गिऱ्हाईक' मात्र पकडला जाणारा; "आज चांगलं गिऱ्हाईक सापडलं" असं आपण हसत म्हणतो. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली, तेव्हा गिऱ्हाइकाला पुन्हा ग्राहक करण्याचाच तो खटाटोप होता. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा आला. २०१९ चा नवा कायदा जुलै २०२० पासून लागू झाला. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीच्या व्याख्येत त्याने 'खोटी हमी' स्पष्ट लिहिली, आणि अशा जाहिरातीसाठी पहिल्यांदा दहा लाखांपर्यंत दंड ठेवला. शेतकरी हा बियाण्याचा ग्राहक आहे, यावर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज महामंडळाच्या प्रकरणात शिक्कामोर्तब केलं.

पण न्यायालय, आयोग, तालुक्याची तक्रार निवारण समिती, कुणाकडेही गेलात तरी ते शब्दकोशातला जुना प्रश्नच विचारतात: कोण? नाव काय, लॉट नंबर काय, बिल कुठे? हवेतल्या गॅरंटीला नाव नसतं, म्हणून तिच्यावर खटलाही चालत नाही. पकडायला हातात काहीतरी लागतं, आणि पकडणं हा तर ग्राहकाचा धातूच.

पुढच्या वर्षी मामांनी कापूस कमी केला, धान वाढवलं. मी पुन्हा त्यांच्याबरोबर होतो. यावेळी रांगेत. दुकानदाराने धानाची पिशवी पुढे सरकवली आणि सवयीने म्हणाला, "एकदम गॅरंटी, मामा."

मामांनी पिशवी उलटी केली. शिवणीतला निळा टॅग बोटांनी सरळ केला, चष्मा कपाळावर चढवून अगदी डोळ्यांशी नेला. जात, लॉट नंबर, तपासणीची तारीख, मुदत. खाली सही.

"कोनाची सही आहे ही?" त्यांनी मला विचारलं. मी वाचून सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि दुकानदाराला म्हणाले, "आता तू बिल फाड. तुझी बी सही पायजे."

पेरणी झाल्यावर पिशवी, बिल, मूठभर बियाणं आणि तो टॅग त्यांनी एका डब्यात घालून ठेवला. डब्यात एक जुना काळा दोराही दिसला, मागच्या यात्रेचा. मी विचारलं, हा का ठेवला?

"राहू दे," मामा म्हणाले. "पन त्याच्यावर सही नाही."